खोक्यांतील आगगाड्या

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण मराठी घरांत लहानपणापासून कानांवर पडते. तिच्यांत दोष काढावयाचा तर एवढाच कीं, माणसाला पाय दोनच असतात असें तिच्या कर्त्यानें गृहीत धरलें. हल्लीं सुशिक्षित मध्यम वर्गांत एक छंद पसरत चालला आहे. त्याचे उपासक अंथरूण होतें तेवढेंच ठेवून पायांचीच संख्या वाढवीत असतात. हा छंद नमुन्याच्या आगगाड्यांचा. खऱ्या गाडीच्या मापाशीं ठरावीक प्रमाण राखून केलेलीं विजेचीं इंजिनें, डबे, वाघिणी, रूळ, सांधे, फलाट व सिग्नल घरांत मांडून ती चिमुकली रेल्वे चालवावयाची, असें या छंदाचें मूळ स्वरूप. त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु तें स्वरूप मागें पडून आतां त्याला जें रूप आलें आहे त्याविषयीं चार कडू शब्द लिहिणें आम्हांस भाग वाटतें. ज्या घरांत रूळ पांच गाड्यांपुरता आहे त्या घरांत गाड्या चाळीस आहेत; आणि त्या चाळिसांपैकीं तिसांनीं रूळ कसा असतो हें अद्याप पाहिलेलें नाहीं.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. प्रौढ माणसानें खेळण्याला हात लावूं नये असें म्हणणाऱ्यांत आम्ही नाहीं. एच्. जी. वेल्स यानें 1911 मध्यें 'फ्लोअर गेम्स' नांवाचें एक छोटेखानी पुस्तक लिहिलें. घराच्या फरशीवर आपल्या मुलांबरोबर लाकडी ठोकळे, शिपाई व रूळ मांडून काय काय खेळतां येतें हें त्यांत त्यानें मोठ्या हौसेनें सांगितलें आहे. कालयंत्राची कल्पना काढणाऱ्या त्या लेखकाला फरशीवर बसण्याची लाज वाटली नाहीं, तर आमच्या वकिलांना व इंजिनियरांना ती कां वाटावी? शिवाय आगगाडीचें वेड नागपूरकरांस नसावें तर कोणास असावें? 1867 सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे येथें येऊन पोंचली. पुढें बंगाल-नागपूर रेल्वेनें पूर्वेची वाट खुली केली. उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम असे देशाचे दोन महामार्ग एकमेकांस छेदून जातात तें 'डायमंड क्रॉसिंग' याच शहरांत आहे. इतवारीहून निघणारी अडीच फुटी रुळांची लहान गाडी 2015 पर्यंत छिंदवाड्याकडे व 2019 पर्यंत नागभीडकडे जात असे. गांधीबाग, इतवारी, महाल या वस्त्यांतील कित्येक कुटुंबांच्या आजोळच्या वाटा त्या गाडीनेंच गेलेल्या आहेत. अशा गांवांत एखाद्या गृहस्थाला घरांत इंजिनाची शिटी ऐकावीशी वाटली तर तिला हंसणारा मनुष्य अरसिक होय. आमची तक्रार निराळी आहे. ती शिटी या घरांत वाजतच नाहीं.

आतां थोडें गणित मांडूं. कारण वादांत भावनेपेक्षां गणिताचा आधार बरा. या छंदांत सर्वांत अधिक रुळलेलें माप 'एच्. ओ.' हें होय. त्यांत प्रत्येक वस्तु खऱ्याच्या 87 व्या हिश्शाएवढी असते व रुळांतील अंतर 16.5 मिलिमीटर. गांधीबागेच्या बाजारांत खालीं दुकान व वर बिऱ्हाड अशा जुन्या घरांत दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशी एक अख्खी खोली या कामीं मिळाली, असें समजूं. हें समजणेंही उदारपणाचें आहे. चारी भिंतींना फळी ठोकली, भिंतीपासून सहा इंच सोडून रूळ घातला, कोपऱ्यांतून अठरा इंच त्रिज्येचीं वळणें दिलीं, तर एक फेरा सुमारें साडेअकरा मीटरांचा होतो. त्यास 87 नें गुणलें म्हणजे खऱ्या रेल्वेचा जेमतेम एक किलोमीटर भरतो. आजच्या एक्स्प्रेसचा डबा सुमारें 24 मीटर लांबीचा असतो. बावीस डब्यांची गाडी इंजिनासह या मापांत सहा मीटरांच्या पुढें जाते. म्हणजे एकच पूर्ण गाडी उभी केली कीं अर्ध्याहून अधिक फेरा संपला. मुंबई ते नागपूर हें 837 किलोमीटरांचें अंतर याच मापानें मांडावयाचें तर साडेनऊ किलोमीटरांहून अधिक रूळ लागेल. अर्थात् कोणी तें मांडूं जात नाहीं. डबे सहासातांवर आणून, दुहेरी मार्ग घालून, दोनचार सायडिंगें काढून त्या खोलींत पांचसहा गाड्या उभ्या राहतील व त्यांपैकीं दोन एका वेळीं धांवतील. 160 त एक या प्रमाणाचें 'एन्' हें लहान माप घेतलें तर ही संख्या सुमारें दुप्पट होईल. चाळीस तरीही होणार नाहीं.

मग उरलेल्या गाड्या असतात कोठें? त्या पलंगाखालीं असतात, कपाटाच्या माथ्यावर असतात, माळ्यावर असतात. मूळ खोकें, खोक्यावर मेणकागद, मेणकागदावर दोरी, आणि दोरीवर वर्षांची धूळ. प्रथम लोणच्याच्या बरण्या माळ्यावरून खालीं येतात. मग पाहुण्यांच्या गाद्या कोणा नातेवाइकाकडे जातात. शेवटीं घरांतील मुलीचें अभ्यासाचें टेबल जिन्याच्या वळणावर येऊन बसतें आणि 'तेथें उजेड चांगला असतो' असें तिला सांगण्यांत येतें. या क्रमांत कोणी कोणावर आवाज चढवीत नाहीं. सुशिक्षित घरांत तसें होत नसतें. पण दहा बाय बाराच्या घरांत एका माणसाच्या न वापरलेल्या वस्तूंनीं अडविलेला प्रत्येक घनफूट दुसऱ्या कोणाच्या तरी वापरांतून काढून घेतलेला असतो, आणि तो बहुधा ज्याला नाहीं म्हणतां येत नाहीं त्याच्याच वांट्याचा असतो. या वादांत खरें पणास लागलें आहे तें हें. एकाच्या छंदाचा जमाखर्च दुसऱ्याच्या जागेंतून लिहिला जात आहे.

गांधीबाग ही कपड्याची घाऊक पेठ आहे. येथील कोणत्याही जुन्या व्यापाऱ्याला विचारावें. जें गाठोडें वर्षानुवर्षें उठत नाहीं त्याला तो संपत्ति म्हणत नाहीं, अडकलेला पैसा म्हणतो. स्वतः रेल्वेचा न्यायही हाच आहे. मालधक्क्यावर लागलेली वाघीण ठरलेल्या मुदतींत रिकामी झाली नाहीं तर रेल्वे तासांच्या हिशेबानें डेमरेज आकारते. कारण उभी असलेली वाघीण ही रेल्वेच्या दृष्टीनें नुकसानच होय. ज्यांना रेल्वेचें एवढें वेड, त्यांनीं रेल्वेचा हा पहिला धडा मात्र घेतलेला नाहीं. त्यांच्या घरांतील वाघिणींवर डेमरेज बसविलें तर किती घरें दिवाळखोरींत निघतील, याचा वाचकांनींच अंदाज करावा.

आतां संग्राहकांच्या बाजूनें जें बोललें जातें त्याचा क्रमानें विचार करूं.

त्यांचा पहिला मुद्दा असा कीं, 'पैसा आमच्या कष्टाचा. तो कसा खर्चावा हा आमचा प्रश्न.' पैशाविषयीं आम्ही बोलतच नाहीं. जागा मात्र एकट्याच्या कष्टाची नसते. ज्या घरांत चार माणसें राहतात तेथील माळा, कपाट व पलंगाखालची जमीन हीं समाईक होत. पैशाचा मालक झाल्यानें मनुष्य हवेचा व उजेडाचा मालक होत नाहीं.

दुसरा मुद्दा: 'हीं मॉडेलें थोड्या संख्येनें निघतात, आतां घेतलीं नाहींत तर पुन्हां मिळणार नाहींत.' यांत तथ्य आहे. भारतीय रेल्वेच्या गाड्यांचे नमुने करणारे कारखाने मोठे नाहींत व एकदां निघालेला नमुना पुन्हां निघेलच असें नसतें. पण 'पुन्हां मिळणार नाहीं' हें जगांतील बहुतेक सर्वच वस्तूंविषयीं म्हणतां येईल. त्यावरून ती घेतलीच पाहिजे हें कसें ठरतें? चार्ल्स लँब याचा 1823 मध्यें प्रसिद्ध झालेला 'ओल्ड चायना' हा निबंध आमच्या पिढीनें कॉलेजांत वाचला आहे. त्यांत त्याची चुलत बहीण ब्रिजेट त्यास जुन्या गरिबीची आठवण करून देते. एका जुन्या ग्रंथासाठीं दोघांनीं आठवडेच्या आठवडे विचार केला होता, जुने कपडे आणखी कांहीं दिवस चालवून घेतले होते, आणि अखेर एका शनिवारीं रात्रीं उशिरां तो घरीं आणला होता. त्यानंतर सुबत्ता आली, हवें तें घेतां येऊं लागलें, पण घेण्यांतला तो उत्सव गेला. जो मनुष्य महिन्याकाठीं एक इंजिन विकत घेतो त्याला कोणतें इंजिन केव्हां आलें हेंही सांगतां येत नसतें. घेण्याचा आनंद खोकें दारांत येईपर्यंत टिकतो. खोकें उघडण्याची गरज त्याला उरतच नाहीं.

तिसरा मुद्दा व्यवहाराचा म्हणून मांडला जातो. 'याच्या किंमती वाढतात; ही गुंतवणूकच आहे.' आणि किंमत टिकावी म्हणून गाडी खोक्याबाहेर काढावयाची नाहीं, असा नियम त्यास जोडलेला असतो. म्हणजे धांवण्यासाठीं केलेली वस्तु न धांवल्यानेंच मोलाची ठरते! ज्यांना गुंतवणूक करावयाची त्यांच्यासाठीं पोस्टाच्या योजना आहेत. त्या पलंगाखालीं जागा अडवीत नाहींत. दुसरें असें कीं, थांबलेली गाडी थांबल्या जागीं जशीच्या तशी राहत नाहीं. दांतेरी चाकांतील वंगण सुकून घट्ट होतें. रुळावर पकड यावी म्हणून चाकांवर चढविलेलीं रबरी कडीं कडक होऊन चिरतात. नागपूरचा मे महिना, म्हणजे माळ्यावर काय भट्टी असते हें सांगावयास नको. दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या कित्येक युरोपीय मॉडेलांचे जस्ताच्या मिश्रधातूचे भाग, त्या धातूंत शिशाचा अंश राहून गेल्यामुळें, आपोआप फुगून भुगा होऊन गेले आहेत. खोकें मात्र शाबूत. गाडीला चालविण्यासारखें दुसरें औषध नाहीं, आणि तेंच येथें वर्ज्य मानलें आहे.

चौथा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, व त्याला वजनदारच उत्तर दिलें पाहिजे. 'आम्ही इतिहास जतन करीत आहों. छोटी गाडी गेली, वाफेचें इंजिन गेलें. आमच्या कपाटांत त्यांची आठवण आहे. केळकरांनीं घरांत न मावणाऱ्या वस्तु जमविल्या नसत्या तर आज पुण्यांत संग्रहालय असतें काय?' दिनकर गंगाधर केळकर (1896–1990), म्हणजे कवि 'अज्ञातवासी', यांचें नांव या वादांत निघणारच. तेव्हां त्यांनीं काय केलें तें नीट पाहूं. सुमारें 1920 पासून त्यांनीं दिवे, अडकित्ते, वाद्यें, भांडीं, दरवाजे अशा वस्तु गोळा केल्या. त्या कारागिरांनीं हातानें घडविलेल्या होत्या. त्या वेळीं लोक त्यांस मोडींत घालीत होते, आणि केळकरांनीं त्या उचलल्या नसत्या तर त्यांतील पुष्कळ आज अस्तित्वांत नसत्या. कारखान्याच्या सांच्यांतून एकासारखें एक निघालेलें आणि परवां पार्सलानें आलेलें इंजिन या पंक्तीला कसें बसावें? त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, संग्रह घरापेक्षां मोठा झाल्यावर त्यांनीं घर लहान केलें नाहीं, संग्रह बाहेर काढला. अकालीं गेलेल्या आपल्या मुलाचें, राजाचें, नांव त्याला देऊन 1962 मध्यें त्यांनीं तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज तेथें वीस हजारांच्या आसपास वस्तु असून त्यांपैकीं मांडलेल्या अडीच हजारांच्या घरांतच आहेत. एका सार्वजनिक संस्थेला जर आठांतील एकच वस्तु लोकांपुढें मांडतां येते, तर दहा फुटी खोलीनें संग्रहालयाचें सोंग कां घ्यावें?

आगगाड्यांचेंच उदाहरण हवें असेल तर तेंही पुण्यांतच आहे. कोथरूडला कर्वे रस्त्यावर भाऊ जोशी यांनीं उभारलेलें चिमुकल्या रेल्वेचें संग्रहालय 1998 पासून लोकांस खुलें आहे. तेथें गाड्या धांवतात, सिग्नल पडतात, मुलें कांचेला नाक लावून उभीं राहतात. जोशींचें वेड कोणाहून कमी होतें, असें कोणी म्हणणार नाहीं. पण त्यांनीं वेडाला जागा करून दिली आणि मग इतरांस बोलाविलें. जर्मनींतील हॅम्बुर्ग बंदरांत 2001 मध्यें सुरू झालेल्या 'मिनियाटुर वुंडरलांट'मध्यें पंधरा किलोमीटरांहून अधिक रुळांवर हजाराच्या पुढें गाड्या आहेत, आणि ती सारी मांडणी बंदराच्या जुन्या गुदामांत आहे. तेथें गुदामाची रेल्वे झाली. आमच्याकडे घराचें गुदाम होत आहे. राहतां राहिली छोट्या गाडीची आठवण. ती जतन करण्यासाठीं नागपुरांतच मोतीबागेंत 2002 पासून रेल्वेनें नॅरो गेजचें संग्रहालय ठेवलें आहे. तेथें खऱ्या इंजिनाशेजारीं नातवाला उभें करून 'याच गाडीनें तुझी आजी माहेरीं जाई' असें सांगतां येतें. दोरी बांधलेल्या खोक्याकडे बोट दाखवून असें सांगितल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

पांचवा व शेवटचा मुद्दा करुणास्पद आहे. 'निवृत्त झाल्यावर मोठें घर बांधूं, मोठी मांडणी करूं, तेव्हां या सर्व गाड्या लागतील.' एखाद्यानें तसें केलेंही असेल. परंतु निवृत्तीबरोबर मनुष्याला फंड मिळतो तशी तिशींतील दृष्टि व गुडघे परत मिळत नाहींत. अर्ध्या इंचाच्या सांध्याशीं खटपट करणें, फळीखालीं आडवें होऊन तारा जोडणें, हें साठीनंतर आरंभण्याचें काम नव्हे. आणि त्या काल्पनिक घरापूर्वींच धनी गेला तर? घरच्यांना त्यांतलें कांहीं कळत नसतें. कोणतें इंजिन कोणत्या डब्यांचें, कोणतें दुर्मिळ, कोणतें सामान्य, याची कोठें नोंद नसते. तेराव्यानंतर खोकीं एका हातगाडीवर चढतात आणि ज्याला त्यांतलें प्लास्टिक व तांबें तेवढें कळतें त्याच्याकडे वजनावर जातात. आयुष्यभराच्या छंदाची ही अखेर ज्याला नको असेल त्यानें ती आपल्या हयातींतच टाळली पाहिजे.

थॉर्स्टीन व्हेब्लेन यानें 1899 मध्यें श्रीमंतांच्या दिखाऊ उपभोगावर ग्रंथ लिहिला. शेजाऱ्याला दिसावें म्हणून लोक खर्च करितात, असा त्याचा सिद्धान्त. आमच्या या संग्राहकाला तोही लागू पडत नाहीं, कारण त्याची दौलत शेजाऱ्याला दिसत नाहीं, घरच्यांना दिसत नाहीं व खुद्द त्यालाही दिसत नाहीं. लोककथांतला ठेव्यावर बसलेला भुजंग निदान आपल्या हंड्याभोंवतीं वेटोळें तरी घालतो.

नुसती निंदा करून थांबणें हें टीकाकाराचें काम नव्हे. म्हणून उपायही सांगतों. पहिला उपाय: आपल्या रुळांची लांबी मोजावी, त्यावर किती गाड्या उभ्या राहतात व धांवतात तें ठरवावें, आणि फेरपालटासाठीं तितक्याच आणखी ठेवाव्या. ही मर्यादा आमच्या आवडीनिवडीची नाहीं. ती रुळानेंच घालून दिलेली आहे. दुसरा उपाय: एक नोंदवही घालावी व प्रत्येक गाडीपुढें ती शेवटची कधीं धांवली ती तारीख लिहावी. जिच्यापुढें एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत तारीख पडली नाहीं ती गाडी दुसऱ्याच्या रुळावर गेली पाहिजे. मग ती विकावी, मित्राला द्यावी किंवा शाळेला द्यावी. विद्युत्प्रवाह, गति, घर्षण, प्रमाण हे विषय आमच्या शाळांत अजून खडूनें शिकविले जातात. एक इंजिन, चार डबे व बारा फूट रूळ एवढ्यानें जें सातवीच्या मुलाला कळेल तें फळ्यावरील दहा आकृत्यांनीं कळणार नाहीं. तिसरा उपाय अमेरिकेंतील छंदिष्टांनीं 1970 च्या दशकांत 'एन्-ट्रॅक' या नांवानें रूढ केलेला आहे. तेथें प्रत्येकानें ठरलेल्या मापाचा एकच तुकडा घरीं तयार करावयाचा व एखाद्या सभागृहांत सर्वांनीं आपापले तुकडे जोडून लांबलचक रेल्वे उभी करावयाची. घर लहान असल्याची तक्रार या युक्तीपुढें टिकत नाहीं. गांधीबागेंतील चार घरांनीं मनावर घेतलें तर सुटीच्या दिवसांत एखाद्या शाळेच्या दिवाणखान्यांत ती मांडणें अशक्य नाहीं.

असें मांडण्याची रीत नागपूरला परकी नाहीं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं येथें तान्हा पोळा भरतो. ही चाल दुसऱ्या रघूजी भोसल्यांनीं मुलांसाठीं सुरू केल्याचें सांगतात. त्या दिवशीं घरोघरचे लाकडी बैल शृंगारून मुलें रस्त्यावर आणतात. कोणाचा टीचभर, कोणाचा पुरुषभर उंच. वर्षांत एक दिवस कां होईना, बैल कपाटांतून निघतो, चाकांवर चालतो, चार लोक त्याला पाहतात, आणि मुलाला त्याबद्दल बोजारा मिळतो. कोणत्याही मुलानें चाळीस बैल विकत घेऊन ते माळ्यावर ठेवल्याचें ऐकिवांत नाहीं; त्याला बैल ओढावयाचा असतो. त्याच दिवशीं याच पेठांतून मारबतीची मिरवणूकही निघते व घरांतली, गांवांतली पीडा तिच्याबरोबर वेशीबाहेर घालविली जाते. आमच्या संग्राहक बंधूंनीं येत्या पोळ्याला या दोन्ही रीतींचा विचार करावा. ज्या गाड्या धांवूं शकतात त्या तान्ह्या पोळ्याच्या बैलाप्रमाणें लोकांत आणाव्या. ज्या आपल्या हातून कधींच धांवणार नाहींत त्या, मारबतीबरोबर नव्हे, पण त्याच दिवशीं, त्या धांवविणाऱ्या कोणाच्या तरी हातीं द्याव्या. आणि संध्याकाळीं मोकळ्या झालेल्या जागीं मुलीचें टेबल खिडकीजवळ परत आणून ठेवावें.